खेळाडू आत की बाहेर? बास्केटबॉलमध्ये 'आउट'चा निर्णय पायरीपायरीने

तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय सामन्यांत शिटी हातात घेणारे बरेच जण क्रीडाशिक्षक असतात. फाऊल आणि ट्रॅव्हलिंगवर ते तास-तास चर्चा करतात. आउटचा अभ्यास मात्र सहसा कुणी करत नाही, कारण तो सोपा वाटतो. रेषेच्या आत तो आत, पलीकडे गेला तो बाहेर. मग अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला नेमका याच निर्णयावर वाद होतो, आणि पंचाला आपण काय पाहून शिटी मारली हे सांगता येत नाही.

मीही चुकलो आहे. १७ वर्षांखालील मुलींचा सामना होता. चेंडू साइडलाइनच्या, म्हणजे लांब बाजूच्या सीमारेषेच्या, पलीकडे निघाला होता. एका मुलीने आतून उडी घेतली, हवेतच चेंडू दोन्ही हातांनी धरला आणि पाय टेकण्याआधी आत उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे फेकला. तोवर माझी शिटी वाजून गेली होती. मुलगी रेषेबाहेर उतरली हे खरे, पण चेंडू हातातून सुटला तेव्हा ती हवेत होती आणि नियमाच्या दृष्टीने अजून मैदानातच होती. त्या मुलीने जीव तोडून वाचवलेला चेंडू मी समोरच्या संघाला देऊन टाकला. मी चेंडू पाहत होतो आणि तिचे पाय पाहायचे राहून गेले होते.

त्या दिवसापासून मी हा निर्णय चार प्रश्नांच्या ठरावीक क्रमाने घेतो: रेषा कोणती, पाय कुठे, चेंडू कशाला लागला, शेवटचा स्पर्श कुणाचा. क्रम उलटा झाला की चूक होतेच. खाली जे लिहिले आहे ते फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांना धरून आहे, कारण आपल्याकडच्या स्पर्धा त्याच नियमांनी होतात. जवळ बाळगायची कलमे दोन. कलम ११ खेळाडूचे स्थान कसे ठरते ते सांगते, आणि कलम २३ खेळाडू आणि चेंडू बाहेर कधी गेले ते सांगते.

पायरी १: सामन्याआधी मैदान फिरून बघा

सामन्याच्या वीस मिनिटे आधी चारही बाजूंनी रेषेवरून चाला. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, आणि हे माप सीमारेषेच्या आतल्या कडेपासून घेतले जाते. म्हणजे साइडलाइन आणि एंडलाइन (बास्केटमागची सीमारेषा) मैदानात मोजल्याच जात नाहीत. ५ सेंटिमीटर जाडीची ती पट्टी पूर्णपणे बाहेरची. बुटाचे टोक रेषेच्या आतल्या कडेला जरी टेकले तरी खेळाडू बाहेर.

हे अनेकांना माहीत असते, तरी सामन्यात विसरते. त्याचे कारण आपले इतर खेळ. टेनिसमध्ये रेषेवरचा चेंडू आत धरतात, आणि व्हॉलीबॉलमध्येही रेषेला शिवलेला चेंडू आतच असतो. दुपारी व्हॉलीबॉलचा सामना चालवून संध्याकाळी बास्केटबॉलला उभा राहिलेला पंच रेषेवर पडलेल्या चेंडूला 'आत' असा इशारा करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उघड्या सिमेंटच्या मैदानावर आणखी चार गोष्टी तपासाव्या लागतात.

रेषा पुसट असेल तर आयोजकांकडून ती रंगवून किंवा फक्की टाकून घ्या. फक्कीची रेषा पहिल्या सत्रातच पसरते आणि ५ सेंटिमीटरची १५ सेंटिमीटर होते. म्हणून आतली कड कुठली धरायची ते दोन्ही पंचांनी आधी ठरवा आणि दोन्ही प्रशिक्षकांना सांगा.

एकाच मैदानावर व्हॉलीबॉल, बॅडमिंटन आणि बास्केटबॉलच्या रेषा असतील तर आपल्या रेषेचा रंग कर्णधारांना दाखवा.

बास्केटचा खांब एंडलाइनपासून किती लांब आहे ते पाहा. जुन्या शाळांच्या मैदानांवर तो अगदी जवळ असतो. खेळाडू तोल सावरायला त्याला हात लावतात, आणि हा हात पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

शेवटी वर बघा. गुलमोहराची फांदी, विजेची तार, मांडवाचा दोर मैदानावर आला आहे का? मैदानाच्या वर असलेल्या कुठल्याही वस्तूला चेंडू लागला की तो आउट. हे सामन्याआधी दोन्ही संघांना सांगितले की वादच होत नाही.

*तपासा:* दोन्ही बाकडी आणि टेबल सीमारेषेपासून निदान २ मीटर मागे आहेत का? नसतील तर मागे सरकवून घ्या. जागाच नसेल तर थ्रो-इनच्या (रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याच्या) वेळी बचाव करणाऱ्याने किमान १ मीटर लांब राहायचे आहे, हे कर्णधारांना तेव्हाच सांगून ठेवा.

पायरी २: कुठली रेषा कुणाची

दोन पंच असतील तर एंडलाइन आणि स्वतःच्या डाव्या हाताची साइडलाइन लीडकडे (खेळाच्या पुढे, एंडलाइनशी उभा पंच), तर मध्यरेषा आणि त्याच्या डाव्या हाताची साइडलाइन ट्रेलकडे (खेळाच्या मागे राहणारा पंच). तीन पंच असतील तर लीडकडे एंडलाइन, आणि ट्रेल व सेंटर (तिसरा पंच) यांच्याकडे आपापल्या जवळची साइडलाइन.

ही वाटणी फक्त कागदावर राहते, कारण चेंडू गेला की दोघांच्याही शिट्या वाजतात आणि दोघे दोन दिशा दाखवतात. सामन्याआधी दोन वाक्यांत बोलून घ्या: "तुझ्या रेषेवर मी शिटी मारणार नाही. तुला दिसले नाही तर माझ्याकडे बघ, मी मान हलवीन."

रेषेवर उभे राहू नका. रेषेच्या टोकाशी, थोडे बाहेर, असे उभे राहा की बूट आणि रेषा यांच्यामधली फट दिसेल. समोरून पाहिले तर टाच रेषेवर टेकली आहे की रेषेच्या वर तरंगते आहे हे कळत नाही. बाजूने पाहिले तर लगेच कळते.

*सावधान:* तुम्ही स्वतः कुठे उभे आहात तेही मोजले जाते. पंचाचे स्थान खेळाडूसारखेच ठरते. तुम्ही आत असताना चेंडू तुमच्या पोटरीला लागला तर तो जमिनीला लागल्यासारखा, खेळ चालू. तुमचा पाय सीमारेषेवर असताना लागला तर चेंडू बाहेर.

पायरी ३: आधी पाय बघा

खेळाडूने शेवटचा स्पर्श जमिनीला जिथे केला तिथे तो आहे. तो हवेत असेपर्यंत, उडी घेण्याआधी तो जिथे होता तिथलाच मानायचा. हे एक वाक्य नीट पचवले तर आउटचे बहुतेक वाद संपतात. त्यातून निघणारे प्रसंग एकेक करून पाहू.

*आतून उडी, बाहेर हवेत.* निळ्या संघाच्या ७ नंबरने आतून उडी मारली, रेषेपलीकडे दीड मीटरवर हवेत चेंडू धरला आणि उतरण्याआधी आत फेकला. खेळ चालू. रेषेवर हवेत उभी भिंत आहे असे समजू नका. चेंडू रेषेच्या पलीकडे हवेत कितीही गेला तरी कशालाही लागेपर्यंत तो बाहेर नाही.

*बाहेरून उडी, आत हवेत.* ७ नंबर आधी बाहेर पडला होता. तिथूनच त्याने उडी मारली, आत हवेत चेंडू धरला आणि मग आत उतरला. हा आउट आहे, चेंडूला हात लागला त्याच क्षणी. तो नंतर आत उतरला याला अर्थ नाही, कारण जमिनीशी त्याचा शेवटचा संबंध बाहेरचा होता. प्रेक्षक इथे हमखास ओरडतात, कारण सगळ्यांना तो आतच दिसतो.

*बाहेरून परत येणे.* "दोन्ही पाय आत आल्याशिवाय चेंडूला हात लावता येत नाही" हे वाक्य मी प्रशिक्षकांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते नियमात असेलच असे कुणालाही वाटेल. ते नियमात नाही. एक पाय आत टेकला आणि दुसरा हवेत असला तरी खेळाडू आत. एक पाय आत आणि दुसरा रेषेला टेकलेला असेल तर बाहेर. मोजायचे एवढेच की या क्षणी शरीराचा कुठलाही भाग बाहेर टेकलेला आहे का.

दोन्ही पायांचा हा गोंधळ मध्यरेषेवरून आला आहे. ड्रिबल करत (चेंडू टप्पे देत) पुढच्या अर्ध्या मैदानात जाताना दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही पलीकडे जावे लागतात. तो नियम तिथला. सीमारेषेवर तो लावू नका.

*फक्त पाय नव्हे.* चेंडूसाठी सूर मारलेल्या खेळाडूचे गुडघे आत असतात आणि बुटाचे टोक मागे एंडलाइनवर घासत असते. पंच हात आणि चेंडू पाहतो, टोक पाहायचे राहते. पडलेला खेळाडू दिसला की नजर आधी शरीराच्या रेषेकडच्या टोकाला न्या.

*वस्तूला टेकणे.* बाहेरच्या वस्तूला लागलेला खेळाडू बाहेर. दोन्ही पाय आत ठेवून मागे एका हाताने खांब धरला आणि दुसऱ्या हाताने चेंडू घेतला तर आउट. खुर्ची, टेबल, जाहिरातीचा फलक यांचेही तसेच.

*दुसऱ्या खेळाडूला टेकणे.* इथे मात्र उलट आहे. निळा ७ आत उभा आहे, हातात चेंडू आहे, आणि त्याची पाठ पांढऱ्या ४ ला टेकली आहे. पांढऱ्या ४ चा एक पाय बाहेर आहे. निळा ७ बाहेर ठरत नाही. नियमात "खेळाडू सोडून इतर कुठल्याही वस्तूशी स्पर्श" असे स्पष्ट म्हटले आहे.

आता कोपऱ्याबद्दल. कोपऱ्यात तीन गुणांची रेषा साइडलाइनला समांतर जाते आणि दोन्हींमध्ये फक्त ९० सेंटिमीटरची गल्ली उरते. मोठ्या मुलाचा बूट साधारण ३० सेंटिमीटर लांब असतो. तो गल्लीत बास्केटकडे तोंड करून उभा राहतो, पास येतो, चेंडू धरताना वजन मागे जाते आणि उचललेली टाच खाली बसते. पुढे तीन गुणांची रेषा, मागे साइडलाइन. प्रशिक्षक मुलाला पुढच्या रेषेची आठवण करून देतो, पंचही पुढचीच रेषा पाहतो, आणि चेंडू हातात असताना मागची टाच साइडलाइनवर टेकून गेलेली असते. कोपऱ्यात पास जाताना दिसला की पहिली नजर मागच्या टाचेवर ठेवा, ती सुरक्षित दिसली की मग पुढच्या बोटांकडे या. टाच रेषेच्या वर आहे पण टेकलेली नाही, तर तो आतच आहे. सावली पाहून शिटी मारू नका. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टाच टेकण्याआधीच तिची सावली रेषेवर पडते.

*तपासा:* शिटी तोंडाशी नेण्याआधी मनात एक वाक्य पूर्ण होते का? "उजवा पाय, रेषेवर टेकला, चेंडू हातात." तीनपैकी एक तुकडा जरी गाळला गेला तर शिटी थांबवा.

पायरी ४: चेंडू कशाला लागला ते ठरवा

बाहेर गेलेल्या खेळाडूमुळे आपोआप खेळ थांबत नाही. चेंडू त्याला लागावा लागतो. पांढरा ९ धावता धावता बाहेर गेला आणि परत आला, या काळात चेंडू त्याच्या अंगाला लागलाच नाही, तर आउट देण्यासारखे काही घडलेले नाही.

चेंडू बाहेर गेला असे कधी म्हणायचे? तो बाहेरच्या माणसाला लागला, सीमारेषेवरच्या किंवा पलीकडच्या जमिनीला अथवा वस्तूला लागला, बास्केटच्या खांबाला किंवा आधाराला लागला, बॅकबोर्डच्या (बास्केटमागच्या फळ्याच्या) मागच्या बाजूला लागला, किंवा मैदानाच्या वर असलेल्या कुठल्या वस्तूला लागला, तर. बॅकबोर्डचे तोंड आणि चारही कडा खेळात आहेत, पाठ नाही. चेंडू बॅकबोर्डच्या वरून मागून पुढे आला आणि कशालाही लागला नाही तर फिबाच्या नियमात खेळ चालू राहतो. अमेरिकेतल्या शालेय नियमात तो आउट असतो, आणि तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे तशी शिटी मारणारे पंच मला भेटले आहेत.

तसाच एक फरक ड्रिबलमध्ये आहे. तिकडच्या शालेय नियमात ड्रिबल करणाऱ्याचा पाय रेषेवर पडला की चेंडू हाताला लागलेला नसला तरी उल्लंघन. फिबाचे कलम २३ स्पर्शाबद्दल बोलते. म्हणून आपण बघायचे ते हे की चेंडू तळहाताला लागला त्या क्षणी पाय कुठे होता. व्यवहारात साइडलाइनला खेटून ड्रिबल करणाऱ्याचा पाय रेषेवर पडतो तेव्हा पुढचा स्पर्श होईपर्यंत तो बहुतेक वेळा तिथेच असतो, त्यामुळे निर्णय आउटच येतो. तरी घाई करू नका, तो पुढचा स्पर्श होऊ द्या.

बाकड्यावर बसलेला बदली खेळाडूही याच यादीत येतो. निळा ७ ड्रिबल करताना चेंडू पांढऱ्या संघाच्या बाकड्यावरच्या मुलाच्या गुडघ्याला लागून परत आत आला. चेंडू परत आला म्हणून खेळ चालू, असे नाही. गुडघ्याला लागला तेव्हाच तो बाहेर गेला. आणि शेवटचा स्पर्श निळ्या ७ चा, म्हणून थ्रो-इन पांढऱ्यांचा. गुडघा पांढऱ्यांचा होता म्हणून चेंडू निळ्यांना देण्याची चूक इथे फार सहज होते.

*सावधान:* चेंडू वाचवून आत टाकणारा खेळाडू बाहेर उतरला, परत आत आला आणि त्यानेच चेंडू सर्वात आधी घेतला, तर फिबाच्या नियमात तेवढ्यावरून उल्लंघन होत नाही. हाताला चेंडू लागताना तो आत हवा, इतकेच. मात्र त्याने आधीच ड्रिबल संपवला होता का हे पाहा, कारण तिथे दुहेरी ड्रिबलचा (संपवलेला ड्रिबल पुन्हा सुरू करण्याचा) प्रश्न येऊ शकतो.

पायरी ५: शेवटचा स्पर्श कुणाचा

चेंडू बाहेर जाण्याआधी ज्या खेळाडूने त्याला शेवटचा स्पर्श केला, किंवा ज्याला तो शेवटचा लागला, त्याने तो बाहेर घालवला. मुद्दाम की चुकून, जोरात की ओझरता, हे प्रश्न नियम विचारत नाही. पांढऱ्या ४ ने निळ्या ७ च्या हातातला चेंडू जोरात मारला, तो निळ्या ७ च्याच गुडघ्याला लागून बाहेर गेला. थ्रो-इन पांढऱ्यांचा. कितीही अन्याय वाटला तरी.

आता सगळ्यात जास्त चुकणारा प्रसंग. निळ्या ७ चा वाईट पास साइडलाइनकडे घरंगळत चालला आहे. चेंडू अजून आत आहे. पांढऱ्या ४ चा एक पाय बाहेर आहे, तो वाकतो आणि चेंडूला हात लावतो. बघणारे सगळे म्हणतात, निळ्यांचा पास बाहेर गेला. नाही. चेंडू आत होता. बाहेर असलेल्या पांढऱ्या ४ ने त्याला हात लावला म्हणून तो बाहेर गेला, आणि कलम २३ प्रमाणे तो पांढऱ्या ४ नेच बाहेर घालवला. थ्रो-इन निळ्यांचा. त्याने हात मागे घेतला असता तर चेंडू त्याच्या संघाला मिळाला असता. मुलांना हे शिकवा. एका शिबिरात मी हा प्रसंग मैदानावर करून दाखवला तेव्हा दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आम्ही आजवर कितीतरी चेंडू असेच घालवले."

दोघांचे हात एकदमच लागले, किंवा दोन पंचांचे मत वेगळे पडले, किंवा दिसलेच नाही? अंदाजाने दिशा दाखवू नका. दोन्ही अंगठे वर करा. ही जंप बॉलची, म्हणजे चेंडू कुणाचा ते न ठरण्याची, स्थिती आहे आणि चेंडू टेबलावरच्या पझेशन बाणाप्रमाणे (पाळी कुणाची ते दाखवणारा बाण) द्यायचा. दिसले नाही हे मान्य करायला कमीपणा वाटतो, पण नियमाने ही सोय त्याचसाठी ठेवली आहे.

चेंडू दोघांनी घट्ट धरला आहे, ओढाताण चालू आहे आणि त्यात एकाचा पाय बाहेर गेला, तर तो आउट नाही. तीही जंप बॉलची स्थिती. शालेय सामन्यांत ओढणारा दणकट मुलगा समोरच्याला मुद्दाम रेषेबाहेर खेचतो आणि पंच आउट देतो. दोघांचे हात घट्ट दिसले की लगेच शिटी मारा, म्हणजे खेचाखेच तिथवर जाणारच नाही.

*तपासा:* आउट देण्याआधी एक सेकंद मागे जा. खेळाडू स्वतः बाहेर गेला की कुणाच्या धक्क्याने गेला? धक्क्याने गेला असेल तर तो फाऊल आहे आणि तो आउटच्या आधी घडलेला आहे. धक्का पाहूनही फाऊल न देता गप्प "चेंडू यांचाच" म्हणून देणे, ही तडजोड दोन्ही संघांना कळते आणि पुढचे पंधरा मिनिटे धक्के वाढतात.

पायरी ६: शिटी, पंजा, मग दिशा

एकच ठसठशीत शिटी आणि त्याबरोबर उघडा पंजा वर. मूठ वर गेली तर टेबलावर फाऊल समजला जातो, पंजा म्हणजे उल्लंघन. मग संघाचा रंग मोठ्याने बोला, "निळा!", आणि त्यानंतर दिशा दाखवा. रंग आणि दिशा जुळत नसतील तर चूक तिथल्या तिथे तुमच्याच लक्षात येते. मध्यंतरानंतर बास्केट बदलतात तेव्हा तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला याचा खरा उपयोग होतो.

घड्याळाचेही बघा. चेंडू निळ्यांकडे होता, पांढऱ्यांनी तो बाहेर घालवला आणि थ्रो-इन निळ्यांनाच मिळाला, तर २४ सेकंदांचे घड्याळ (शॉट घेण्याची मुदत मोजणारे) जिथे थांबले तिथूनच पुढे. मागच्या अर्ध्या मैदानात असतील तर ८ सेकंदांची मोजणीही (चेंडू पुढच्या अर्ध्या मैदानात नेण्याची मुदत) उरलेल्यावरून. नवीन टेबल ऑफिशियल इथे सवयीने २४ पुन्हा लावतो. चेंडू देण्याआधी घड्याळाकडे एक नजर टाका.

पायरी ७: थ्रो-इन, जिथे बाहेर असणेच बरोबर

जागा उल्लंघनाच्या सगळ्यात जवळची, फक्त बॅकबोर्डच्या बरोबर मागची सोडून. ती जागा बोटाने दाखवा आणि मगच चेंडू हातात द्या.

थ्रो-इन घेणाऱ्याचा पाय रेषेवर पडला की शिटी मारणारे पंच आहेत. पायरी १ आठवा. रेषा मैदानात मोजली जात नाही, म्हणून रेषेवर पाय ठेवून थ्रो-इन घेता येतो. चेंडू हातात असताना रेषा ओलांडून आत पाय टेकवला तरच उल्लंघन. दाखवलेल्या जागेपासून बाजूला एकूण १ मीटरपर्यंत सरकता येते, सरळ मागे हवे तितके जाता येते, आणि ५ सेकंदांत चेंडू सोडावा लागतो. बास्केट झाल्यानंतर मात्र एंडलाइनमागे बाजूला पळायला आणि बाहेरच सहकाऱ्याला पास द्यायला मोकळीक असते, ५ सेकंद तेवढेच.

टाकलेला चेंडू आत कुणालाच न लागता बाहेर गेला तर समोरच्या संघाला थ्रो-इन मूळ जागेवरूनच. तो कुठे बाहेर पडला तिथून नाही. तोच चेंडू सहकाऱ्याला लागला आणि त्याचा पाय रेषेवर होता, तर आउट त्या सहकाऱ्याचा आणि जागा त्याच्याजवळची.

आणि हा प्रसंग मला जवळजवळ प्रत्येक शालेय स्पर्धेत दिसतो. निळा ७ थ्रो-इन टाकतो, निळा १० चेंडू धरून लगेच परत देतो. ७ नंबरचा पुढचा पाय आत आला आहे, मागचा अजून रेषेवर आहे, आणि चेंडू त्याच्या हातात येतो. हा आउट आहे. तो पंचाच्या समोर दोन मीटरवर घडतो, तरी सुटतो, कारण चेंडू टाकला गेला की पंचाची मान चेंडूबरोबर १० नंबरकडे वळलेली असते. थ्रो-इन टाकणारा दोन्ही पायांनी रेषा सोडेपर्यंत नजरेची कड त्याच्याकडेच राहू द्या.

सरावासाठी

दोन पंच, दोन मुले, एक चेंडू आणि कोपऱ्यातली ती ९० सेंटिमीटरची गल्ली पुरेशी आहे. एक मुलगा गल्लीत पास घेतो, दुसरा पास देतो. एक पंच एंडलाइनबाहेरून, दुसरा साइडलाइनच्या टोकाकडून पाहतो. प्रत्येक पासनंतर दोघांनी एकमेकांकडे न पाहता बोटाने दाखवायचे, आत की बाहेर, आणि मग मुलाला विचारायचे की टाच टेकली होती का. दहा-दहा पास झाले की पंचांनी जागा बदलायच्या. नंतर मुलाच्या बुटाच्या टाचेला ओली फक्की लावून हेच पुन्हा करा. जिथे टाच टेकते तिथे पांढरा ठसा उमटतो, म्हणून रेषेला आधी गडद रंगाची चिकटपट्टी लावून घ्या. चौथ्या-पाचव्या पासला दोघांची बोटे वेगळी निघतील. तेव्हा ठशाशी ज्याचे बोट जुळले त्याच्या जागी दुसऱ्याने जाऊन उभे राहायचे आणि तोच पास पुन्हा घ्यायचा.